बाबा, या वर्षी काय काय पाहिलं ते लिहून पाठवतेय

नेरूळ, नवी मुंबई
२१ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "मुलींच्या वर्ल्ड कप फायनलला मैदानात काय काय झालं ते एकदा सावकाश सांग." मी सांगायला लागले तर कुकर झाला, मग बेल वाजली, आणि राहूनच गेलं. टीव्हीवरचा बॉल आता तुम्हाला दिसत नाही, डोळ्याच्या मधोमध धुकं बसलंय, हे मला माहीत आहे. म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू वाच. एका दिवसात संपवू नका. संध्याकाळचा चहा झाला की गॅलरीत बसून थोडं थोडं वाचा.

क्रिकेट बघायला लागल्यापासून असं वर्ष मी पाहिलं नव्हतं. त्याची सुरुवात आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवरच झाली.

आदल्या वर्षीची, म्हणजे मार्च २०२४ची वानखेडेवरची रणजी फायनल मी एकटीने बघितली होती. मुंबईने आपल्या विदर्भापुढे ५३८ धावांचं लक्ष्य ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे लंचपर्यंत उभे राहिले आणि आजूबाजूचे मुंबईकर गप्प झाले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वाडकरचं शतक झालं, तो गेला आणि मग सगळं भराभर संपलं. ३६८ ऑल आउट, १६९ धावांनी हार. चर्चगेटला गाडीत बसून मी तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "चौथ्या डावात साडेतीनशेच्या वर गेले ना पोरं. पुढच्या वर्षी बघ."

आणि पुढच्या वर्षी खरंच जामठ्यात सेमीफायनलला समोर मुंबईच आली आणि आपण ८० धावांनी जिंकलो. त्या दिवशी ऑफिसमध्ये माझं कामात लक्ष नव्हतं. दोन दिवसांची रजा टाकून फायनलला आले ती त्यामुळेच.

केरळविरुद्धची ती मॅच महाशिवरात्रीला सुरू झाली. पहिल्या सकाळी २४ वर ३ झाले तेव्हा मी इथे ट्रेनमध्ये होते. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांची २१५ची भागीदारी. दानिश १५३. एकवीस वर्षांचा नागपूरचा पोरगा! आपल्याला आघाडी ३७ धावांचीच मिळाली, पण फायनल ड्रॉ झाली तर पहिल्या डावाच्या आघाडीवर कप मिळतो, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंय. केरळचा कॅप्टन सचिन बेबी ९८ वर बाद झाला तेव्हा तुम्ही टाळी वाजवली नाहीत. "त्यानं आणखी दोन करायला हवे होते," एवढंच म्हणालात. हे तुमच्याकडून शिकायचं अजून माझं पुरतं झालेलं नाही.

शनिवारी, चौथ्या दिवशी, मी तुम्हाला हात धरून जामठ्याच्या पायऱ्या चढवल्या. २००८ साली याच मैदानावरच्या पहिल्या कसोटीला तुम्ही मला असंच धरून नेलं होतं, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, गांगुलीची शेवटची मॅच. तेव्हा गर्दीत माझं बोट सुटू नये म्हणून तुम्ही मनगट धरायचात. या वेळी मी तुमचं मनगट धरलं होतं. खाली बसल्याबसल्या तुम्ही म्हणालात, "फील्ड सांग." मी सांगत गेले. स्लिपला एक, शॉर्ट लेगला एक, पॉइंट मागे, लाँग ऑन बाउंड्रीवर. तुम्ही मान किंचित तिरकी करून बॅटचा आवाज ऐकत होतात आणि मी सांगायच्या आधीच म्हणायचात, "कव्हरमधून गेला." दहातले आठ वेळा बरोबर असायचं. करुणचं शतक झालं तेव्हा त्याने हातमोजे काढून नऊ बोटं दाखवली, मोसमातलं नववं शतक. तुम्ही माझा तळवा हातात घेऊन विचारलंत, "कशी दाखवली?" आणि मी तुमच्या हातावर नऊ बोटं ठेवली.

रविवारी दर्शन नळकांडेचं अर्धशतक झालं आणि दोन्ही कॅप्टननी हात मिळवले. विदर्भ ९ बाद ३७५. तिसरी रणजी ट्रॉफी, आणि घरच्या मैदानावर. हर्ष दुबेच्या मोसमात ६९ विकेट, रणजीत एका मोसमात इतक्या आजवर कोणी घेतल्या नव्हत्या. १९५७ पासून आपण रणजी खेळतोय आणि पहिला कप मिळाला १ जानेवारी २०१८ला, इंदूरला. तुमच्या पिढीने साठ वर्षं वाट पाहिली, बाबा. "विदर्भ म्हणजे बाकीच्यांना गुण मिळवायची जागा," असं लोक तोंडावर म्हणायचे तेव्हाही तुम्ही पेपरातला छोट्या टायपातला स्कोअर कापून वहीत चिकटवायचात. त्या संध्याकाळी वर्धा रोडवरून परत येताना तुम्ही गाडीची काच खाली केलीत आणि घरापर्यंत काही बोलला नाहीत. मीही बोलले नाही.

मधल्या महिन्यांचं थोडक्यात लिहिते, कारण ते आपण दोघांनी फोनवरच पाहिलंय. ९ मार्चला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफी, रोहितच्या ७६, जडेजाचा शेवटचा चौकार. जुलैमध्ये दिव्या देशमुख बातुमीला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप जिंकली. ती टीम नव्हे, एकटी होती, पण आईने मला रात्री फोन करून "आपल्या नागपूरची पोरगी" हे शब्द चार वेळा ऐकवले, म्हणून तिला या यादीतून मी वगळणार नाही. आणि ४ ऑगस्टची ओव्हलची कसोटी. इंग्लंडला ३५ हव्या, हातात चार विकेट, वोक्स एक हात स्वेटरमध्ये बांधून बॅटिंगला आलेला. मी ऑफिसच्या जिन्यात बसून तुम्हाला बॉल बॉल सांगत होते. सिराजने अॅटकिन्सनचा दांडा उडवला तेव्हा जिन्यात माझा आवाज घुमला आणि वॉचमन वर धावत आला. सहा धावांनी जिंकलो. त्या मॅचमध्ये पहिल्या डावात करुणच्या ५७ होत्या. "क्रिकेटा, अजून एक संधी दे" असं जाहीर मागणारा माणूस विदर्भाकडून खेळून आठ वर्षांनी भारताच्या टीममध्ये परतला, याचा तुम्हाला झालेला आनंद विजयापेक्षा मोठा होता. पुढे तो कर्नाटकात परत गेला, तरी तुम्ही त्याला "आपला" म्हणणं सोडलेलं नाही. मीही सोडणार नाही.

आता मुख्य गोष्ट.

आई, खरं सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं की आपल्या घरात क्रिकेट म्हणजे बाबा आणि मी. तू हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचीस, "किती झाले?" विचारायचीस आणि परत आत जायचीस. २०१७ साली लॉर्ड्सवर आपल्या मुली वर्ल्ड कप फायनल नऊ धावांनी हरल्या, त्या रात्री तू जेवली नव्हतीस, हे मला बाबांनी या दिवाळीत सांगितलं. ३ बाद १९१ वरून २१९ ऑल आउट, हे आकडे तुला आठ वर्षांनी पाठ होते. मी इतक्या वर्षांत एकदाही तुला सोफ्यावर बस म्हटलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

या ऑक्टोबरात मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये आपण लागोपाठ तीन हरलो. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि मग इंदूरला इंग्लंड, अवघ्या चार धावांनी. ती मॅच रविवारी, दिवाळीच्या आदल्या दिवशी. मी घरी आले होते, आपण करंज्या भरत होतो. स्मृती ८८ वर बाद झाली आणि तुझ्या हातातली करंजी कातण्याआधीच फुटली. तू म्हणालीस, "सांगलीची पोरगी आहे, रडत बसणार नाही." भाऊबीजेला न्यूझीलंडविरुद्ध तिने आणि प्रतीका रावलने शतकं ठोकली. ती मॅच माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, डी. वाय. पाटीलला होती, आणि मी होते नागपुरात. पण त्या दिवशी तू पहिल्यांदा सोफ्यावर बसून अख्खी मॅच पाहिलीस, म्हणून ते तिकीट हुकल्याचं मला काही वाटत नाही.

३० ऑक्टोबरला सेमीफायनल. ऑस्ट्रेलियाच्या ३३८. मी ऑफिसमधून थेट गेले, पोहोचले तेव्हा आपली बॅटिंग सुरू झाली होती. इंग्लंडविरुद्ध जेमिमाला टीममधून वगळलं होतं, आणि या मॅचला ती तीन नंबरवर येणार हे तिलाच पाच मिनिटं आधी कळलं. बाबा, टीव्हीवर हे दिसलं असेल की नाही कोण जाणे, पण पन्नास झाल्यावर तिने बॅट उचलली नाही, शंभर झाल्यावरही नाही. स्टेडियम उभं राहून ओरडत होतं आणि ती खाली बघत क्रीजवर पायाने माती सारखी करत होती. ८२ वर ऑस्ट्रेलियाच्या हीलीने तिचा कॅच सोडला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी आजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. नाबाद १२७, हरमनप्रीत ८९, ४८.३ ओव्हरमध्ये ३४१. महिलांच्या वनडेत एवढ्या धावांचा पाठलाग कोणी केलेला नव्हता. अमनजोतचा विजयी चौकार गेला आणि वांद्र्याची जेमिमा मैदानातच रडली.

फायनलला, २ नोव्हेंबरला, दुपारभर पाऊस. तीनची मॅच पाचला सुरू झाली. आई, जूनमध्ये बंगळुरूला विजयाच्या गर्दीत चेंगरून ११ जण गेले, तेव्हापासून तू स्टेडियमचं नाव काढलं की गप्प होतेस. म्हणून तुला शब्द दिला होता की मॅच संपल्यावर गर्दी सरेपर्यंत जागेवरून उठणार नाही. तो मी पाळला.

शेफाली तर मूळ टीममध्येही नव्हती. प्रतीका जखमी झाली म्हणून तिला आणलं आणि तिने ८७ केल्या. आपल्या २९८. मग दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ट एका बाजूने उभीच. ती असेपर्यंत कोणी मोकळा श्वास घेत नव्हतं. हरमनप्रीतने चेंडू शेफालीच्या हातात दिला तेव्हा मागच्या रांगेतले एक काका "अरे देवा" म्हणाले, आणि तिने लागोपाठच्या दोन ओव्हरमध्ये लूस आणि कॅपला बाद केलं. बाबा, हा निर्णय कागदावरचा नव्हता. मला वाटतं, हरमनप्रीतने त्या पोरीचं तोंड बघून घेतला.

आणि तो कॅच. वोल्वार्टचं शतक झालेलं. माझा फोन तेव्हाच कसाबसा लागला होता आणि कानाला होता. दीप्तीचा बॉल वर गेला, अमनजोत खाली धावली. मी पाहिलं की तिच्या हातातून तो निसटला, परत निसटला, आणि तिसऱ्यांदा एका हातात बसला. चाळीस हजारांच्या आसपास माणसं एकदम फुटली. टीव्हीवर सगळं काही सेकंद उशिरा येतं. त्या गदारोळात कान दाबून मी आईचा आवाज ऐकत होते. ती तुम्हाला सांगत होती, "अहो उडाला, वर उडाला, अमनजोत खाली आहे, सुटला! सुटला हो! नाही, थांबा..." आणि मला पुढचं माहीत होतं. ते दोन सेकंद मी आयुष्यभर विसरणार नाही. मग तुझी किंकाळी, आई, "धरला!" आणि मागून बाबांचा आवाज, "कोणत्या हातानं?"

शेवटी डी क्लर्क, जिने विशाखापट्टणमला आपल्याला एकटीने हरवलं होतं. हरमनप्रीतने मागे धावत तिचा कॅच घेतला. बावन्न धावांनी जिंकलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. मी कबूल केल्याप्रमाणे बसून राहिले, म्हणून बाकीचं दिसलं. हरमनप्रीत कोच अमोल मुजुमदारच्या पाया पडली. बाबा, अकरा हजारांवर फर्स्ट क्लास धावा करूनही भारताकडून एकदाही न खेळलेला माणूस. शाळेत सचिन आणि कांबळीची ६६४ची भागीदारी चालली होती तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा. तुम्ही त्याची गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल! प्रतीका व्हीलचेअरवर होती, तिला सगळ्यांनी मध्ये घेतलं. मग मुलींनी कप नेऊन लॉर्ड्सवर हरलेल्या झुलन आणि मितालीच्या हातात दिला. झुलनचा चेहरा मोठ्या पडद्यावर आला तेव्हा मला लॉर्ड्स आठवलं आणि न जेवलेली तू आठवलीस.

नंतर नोव्हेंबरात कोलकात्यात आणि गुवाहाटीत आपली पुरुषांची टीम दक्षिण आफ्रिकेकडून दोन्ही कसोटी हरली. त्याबद्दल तुम्ही फोनवर पुरेसं बोललात, मी इथे लिहीत नाही.

मी १० जानेवारीला येतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण तिघं मिळून जाऊ.

आणि एक. फायनलला बाबांच्या सांगण्यावरून आईने स्कोअरबुक लिहिलं, त्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. वोल्वार्टच्या पुढे तिने फक्त "अमनजोत, तिसऱ्यांदा" असं लिहिलंय. बाबा म्हणतात, बोलर दीप्तीचं नाव राहिलं, खोडून नीट लिही. बाबा, खोडू देऊ नका. बाजूला जागा आहे, तिथे दीप्ती लिहा.

तुमची,
मनू