खंड्यासाठी धावून आलेल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी घरचं कुत्रं आजारी पडणं म्हणजे काय, हे सदाशिव पेठेत राहणाऱ्यालाच कळेल. लक्ष्मी रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नाही, ढोल-ताशांनी खिडक्यांच्या काचा थरथरताहेत, रिक्षावाला गल्लीत यायला तयार नाही आणि खंड्याला एकामागून एक पातळ जुलाब. गौरीजेवणाला आलेल्या पाहुण्यांनी त्याला प्रेमाने तूप ओतलेली पुरणपोळी आणि भजी भरवली होती.

वाड्यातल्या प्रत्येकाकडे उपाय होता. ओवा, हिंगाचं पाणी, कुणाची तरी जुलाब बंद करणारी गोळी. ती गोळी तुम्ही हातातून काढून घेतलीत. माणसाचं जुलाब थांबवणारं लोपेरामाईड काही कुत्र्यांच्या, विशेषतः कोली या मेंढपाळी जातीच्या कुळातल्या कुत्र्यांच्या, मेंदूपर्यंत जाऊन बाधतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीनेही कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तुम्ही हे ज्या शांतपणे सांगितलंत, त्याने गोळी आणणाऱ्यालाही वाईट वाटलं नाही.

आणि मग तुम्ही औषध दिलंच नाहीत. आधी खंड्याकडे नीट पाहिलंत. सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून जुन्नर-आंबेगावच्या गोठ्यांतून केलेला माणूस जनावराला हात कसा लावतो, ते मी त्या रात्री पाहिलं. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबलीत, सोडलीत; दोन सेकंदांच्या आत ती पुन्हा गुलाबी झाली. खांद्यावरची कातडी चिमटीत उचललीत, ती लगेच जागेवर बसली, म्हणजे अंगातलं पाणी अजून फार कमी झालेलं नव्हतं. ताप मोजलात. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचंच तापमान, हे मला तुमच्याकडून कळलं. नाहीतर आकडा बघूनच मी रडायला लागले असते. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून तो उभा राहतो का, हे तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होता. इतकं तूप पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि पोट दुखणारं कुत्रं कधी कधी असं उभं राहतं, हे नंतर सांगितलंत. घाबरलेल्या माणसाला काय बघायचं ते दिलं की त्याचे हात थरथरायचे थांबतात. माझे थांबले.

रात्रभर अन्न बंद, पाणी मात्र थोडं थोडं, सारखं. "हे धडधाकट मोठ्या कुत्र्याला चालतं, पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही, त्याची साखर उतरते," हेही बजावलंत. सकाळी गुरगुट्या भात आणि कातडं काढलेलं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, दोन वाट्या भाताला एक वाटी. मीठ, तेल, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता गौरी बसलेल्या घरात चिकन शिजवायचं कुठे? आई देवघराकडे बघत गप्प उभी होती. तुमचा गणपती दीड दिवसाचा, केव्हाच विसर्जन झालेलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्याकडे शिजेल." त्या दिवसापासून खंड्याचा डबा तुमच्या घरून यायचा, कोमट, चिकनचे बारीक तुकडे केलेला. आईने सोळा भाज्यांसाठी आणलेल्यातला लाल भोपळा नुसता उकडून दिला, चमचा-दोन चमचे भातात कालवायला. दिवसातून चार वेळा, दर वेळी थोडंसंच. शी घट्ट व्हायला लागल्यावरही नेहमीचं खाणं तुम्ही एकदम सुरू करू दिलं नाहीत. भातात रोज थोडं थोडं वाढवत नेलंत.

पण मला सगळ्यात मोठा आधार वाटला तो तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलेल्या ओळींचा. शीमध्ये रक्त, किंवा डांबरासारखी काळी शी. पाणीसुद्धा उलटून पडणं. पोट फुगून नुसतेच उमासे येणं. हाक मारली तरी मान न उचलणं. एका दिवसात उतार न पडणं. यातलं एकही दिसलं तर गर्दी असो, मिरवणूक असो, कुत्र्याला उचलून चालत निघायचं, आणि "मला उठवायचं, रात्रीचे दोन वाजले तरी." घरच्या उपायांबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. ते कुठे थांबवायचे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे मला तुम्हीच भेटलात. खंड्याला उतार पडल्यावरही तुम्ही डॉक्टरांकडे शीचा नमुना तपासायला लावलात, जंतांची शंका नको म्हणून.

खंड्या आता नेहमीसारखा जिन्यात आडवा पडून सगळ्यांची वाट अडवतो आहे. तुमच्या चपलांचा आवाज आला की मात्र उठून बसतो.

एक विनंती आहे, काका. वाड्यामागच्या शेडमध्ये कुत्रीने घातलेली पिल्लं आता दोन महिन्यांची होत आली. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू, त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि चार महिन्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते, हे तुम्हीच सांगितलंत. त्या वयात रक्ताचे जुलाब लागले तर भात-भोपळ्याने काही होत नाही, हेही. लशीचा खर्च आम्ही वाड्यातल्या मुलींनी मिळून काढला आहे. टोपली आणि जुनी चादर तयार आहे. पिल्लं धरायला तुम्ही रविवारी सकाळी आमच्याबरोबर याल का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची, खंड्याची ताई