विसर्गानंतरचा गाळ

गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की गोदाकाठी एकच प्रश्न : ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर?’ नदीपात्रातल्या या मूर्तीवरूनच आम्ही पुराची पातळी ओळखतो. सोमेश्वरचा धबधबाही तेव्हाच फेसाळतो, पर्यटकांची झुंबड उडते. पाणी ओसरल्यावर मात्र घाटाकडे कोणी फिरकत नाही. १७४७ च्या नारोशंकर मंदिराच्या कोरीवकामात बोटभर गाळ बसतो, चिंध्या आणि निर्माल्य अडकून राहते. आठवड्यात तो वाळून कडक होतो. मग यंत्राने खरवडले की दगडाचे कोपरे उडतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धरण नाशिकची तहान भागवते, त्याबद्दल तक्रार नाही. पण विसर्ग थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गाळ ओला असतानाच, तो हाताने व साध्या पाण्याने धुऊन काढावा. सिंहस्थ तोंडावर आला आहे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक