थवा उडाला की उडवला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पाणथळीवरून उडणाऱ्या थव्याचं छायाचित्र आपण चांगलं पाऊण पान दिलंत. चित्र देखणं आहे, वादच नाही. पण मीही बरीच वर्षं चिखलात लोळून हेच फोटो काढतो, त्यामुळे नजर भलतीकडेच गेली. झाडून सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून उडताहेत. वारा समोरून असेल तर गोष्ट वेगळी; एरवी कुणी फार जवळ गेलं की थवा असा उठतो. शंका घेतोय, कारण हे पाप मीही केलंय.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. छोट्या टिलव्यांच्या, म्हणजे चिखलात चरणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांच्या, थव्यासमोर तासभर पोटावर पडून होतो. कंटाळलो, शटर १/२००० सेकंदावर ठेवलं आणि सरळ उभा राहिलो. फोटो झकास आले. त्यातल्या एकाला बक्षीसही मिळालं; कसा काढला, हे कुणी विचारलं नाही. थवा मात्र दोन घिरट्या घालून पलीकडच्या काठावर उतरला आणि बराच वेळ नुसता माना वर करून उभा राहिला. एकाचीही चोच चिखलात गेली नाही.

उडाले, बसले, बिघडलं काय? शरदात बिघडतं. टिलवा भरतो जेमतेम २०-३० ग्रॅम, आणि येतो थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून. पाणथळ म्हणजे त्याचं वाटेतलं इंधन. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं, म्हणजे अशाच चिखलात चरणाऱ्या पक्ष्याचं, पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत, कुठेही न उतरता, १३,५६० किलोमीटर उडत गेलं. पाठीवरच्या ट्रान्समीटरमुळे हे कळलं. अशा उड्डाणाआधी या पक्ष्याच्या वजनात जवळपास निम्मी चरबीच असते. ती कणाकणाने चिखलातून टिपलेली असते, आणि आपल्या एका क्लिकसाठी थवा उठला की त्यातलीच थोडी जळते. समुद्रकाठी तर भरतीला चिखल बुडतो, पक्षी उरल्यासुरल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने विसावतात. नेमकं तेव्हाच आपण लोक लेन्स घेऊन हजर, कारण तेव्हा ते जवळ सापडतात.

खरं तर जवळ जायची गरजच नसते. कितीतरी जातींत मोठे पक्षी आधी निघून जातात आणि मागाहून त्या वर्षीची पिल्लं येतात. त्यांना माणसाची फारशी ओळखच नसते. असंच एक पिल्लू चिखल टोचत टोचत माझ्यापासून हातभर अंतरावर आलं. पाठीवरच्या पिसांच्या पांढुरक्या कडा खवल्यांसारख्या स्पष्ट मोजता येत होत्या, आणि लेन्स काही केल्या फोकस होईना! शेवटी कॅमेरा खाली ठेवून नुसता बघत राहिलो.

म्हणून विनंती एवढीच, की असं चित्र छापण्याआधी छायाचित्रकाराला विचारा: अंतर किती होतं, किती वेळ बसला होतात, आणि तुम्ही निघालात तेव्हा पक्षी तिथेच चरत होते का? उत्तर छायाचित्राखालच्या ओळीत छापा. जमल्यास पक्ष्याचं नावही. ‘आकाशात झेपावलेला थवा’ म्हणजे नेमका कुणाचा, ते कळू द्या.

आपला,
एक वाचक