मुख्यमंत्री साहेब, त्या ‘त्रुटी’चं काहीतरी करा

मा. देवेंद्रजी फडणवीस साहेब, स.न.वि.वि.

साहेब, मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. 23 नोव्हेंबर 2024 ला निकाल लागला, 288 पैकी 230 जागा महायुतीला, एवढं बहुमत हातात असलं की कुणाची मनधरणी करत बसावं लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांच्या अपेक्षा पण जरा जास्तच वाढल्या. 5 डिसेंबरला शपथ घेतलीत आणि लगेच 100 दिवसांचा कार्यक्रम दिलात, वेबसाइट नीट करा, ऑफिस स्वच्छ ठेवा, लोकांना बसायला प्यायला सोय करा, तक्रारी मिटवा, मग त्यावर 150 दिवसांचा. मला हे मनापासून आवडलं. आमच्या तालुक्याच्या ऑफिसात खरंच फरक पडला, बाकडी आली, थंड पाण्याचा कूलर आला, बाईमाणसाला जाता येईल असं बाथरूम झालं. याला कमी लेखू नका, तीन तीन तास ताटकळणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते.

पण आमचं काम झालं नाही.

वडील गेले, त्यांच्या नावावर अडीच एकर, वारस नोंद करायची होती. तुमच्याच सरकारने 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम घेतली ना, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, ती ऐकूनच आई म्हणाली चला आता होईल पटकन. ऑनलाइन अर्ज भरला. वीस दिवसांनी त्रुटी आली, मृत्यू दाखल्यावर वडिलांच्या नावात ऱ्हस्व उकार आहे आणि सातबाऱ्यावर दीर्घ. एका उकारासाठी प्रतिज्ञापत्र केलं, दिलं. परत त्रुटी, माझ्या बहिणीचं आधार जोडलं नाही, ती सासरी नांदेडला, तिच्याकडून मागवलं. मग तिसऱ्यांदा गेलो तेव्हा समजलं की अर्ज निकाली निघालाय, नव्याने करा. आई तिथेच बाकड्यावर बसली, पिशवीतले कागद एकेक काढून परत घडी घालून ठेवत होती, बोलली काहीच नाही. 

साहेब, माझं सगळं म्हणणं या एका ‘निकाली’ शब्दावर आहे. आमची नोंद झालेली नाही, अजून 6-क च्या वारस नोंदवहीतच आमची नावं चढलेली नाहीत, तर पुढचा फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची सही हे सगळं लांबच राहिलं, पण अर्जापुढे मात्र निकाली दिसतंय. तुम्ही मुंबईत आढावा घेता तेव्हा आमचा अर्ज झालेल्या कामात धरला जातो की न झालेल्या? आणि शेवटच्या दिवशी त्रुटी काढली की मुदतीचा हिशोब परत पहिल्यापासून सुरू होतो, मग मुदतीला अर्थ काय उरला सांगा.

लोकसेवा हक्क कायदा तुमच्याच पहिल्या कारकिर्दीत 2015 ला आला, त्याचा मला अभिमान आहे, कारण त्याआधी ‘उद्या या’ला उत्तरच नव्हतं. ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांची मुदत, अधिकारी, फी सगळं फलकावर लावायचं, नाकारलं तर कारण लेखी द्यायचं आणि अपील कुणाकडे ते पण सांगायचं, दोन अपिलं खात्यात आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे, कसूर ठरली तर 500 ते 5000 रुपये दंड. आम्हाला लेखी कारण मिळालं नाही, पोर्टलवर एक ओळ दिसली फक्त. फलक होता, पण कपाटामागे अर्धा झाकलेला, मी मान वाकडी करून वाचला.

म्हणून मागणी एवढीच की त्रुटी एकदाच काढायची, काय काय कमी आहे ते सगळं पहिल्या आठवड्यात एकदम सांगायचं, त्यानंतर नवीन त्रुटी नाही. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज निकाली धरायचाच नाही, त्याचा वेगळा आकडा ठेवा आणि ऑफिसांना मार्क द्याल तेव्हा आधी तो आकडा बघा, रंग आणि कुंड्या नंतर. व्हॉट्सअ‍ॅपवर सेवा आणताय ते चांगलंच आहे, पण तिथे पण हीच त्रुटी आली तर आई आता घरी बसून तेच वाचेल.

आणि कर्मचाऱ्यांवर सगळं ढकलू नका प्लीज. आमच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे तलाठ्यांकडे, तीन गावं आहेत, पंचनामे तेच करतात, निवडणुकीचं काम तेच करतात आणि मीटिंग वेगळ्याच. त्यांच्या जागा भरा, मग मुदत मागा.

सोमवारी मी आईला घेऊन परत जातेय, नव्याने अर्ज करायला. बहिणीचं आधार, प्रतिज्ञापत्र, दाखला, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स काढल्यात.

आपली,
एक मतदार