मॅक्डॉवेल यांचे ते पत्र

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०२६ मध्ये २५० वर्षे होत असल्याने त्या क्रांतीविषयी सध्या बरेच लिहिले जाते. मात्र त्या युद्धातील सैनिकांच्या वारसांनी शंभरेक वर्षांनी ज्या संस्था काढल्या, त्यांविषयी आणि त्यांतील विल्यम ऑस्बोर्न मॅक्डॉवेल (१८४८-१९२७) यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

मॅक्डॉवेल हे न्यू जर्सीतील न्यूअर्कचे उद्योजक. 'सन्स ऑफ द रेव्होल्यूशन' ही वारसांची संस्था तेव्हा अस्तित्वात होती, परंतु इतर राज्यांच्या शाखांनी न्यूयॉर्कच्या अधिपत्याखाली राहावे, हा तिचा आग्रह त्यांना मानवला नाही. त्यांच्या पुढाकाराने ३० एप्रिल १८८९ रोजी, वॉशिंग्टन यांच्या पहिल्या शपथविधीच्या शताब्दीदिनी, न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये 'सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' स्थापन झाली. या संस्थेने पुढच्याच वर्षी स्त्रियांना सभासदत्व नाकारले.

त्यावर लेखिका मेरी लॉकवुड यांनी १३ जुलै १८९० च्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये हॅना आर्नेट यांची हकिगत लिहिली. १७७६ च्या अखेरीस ब्रिटिश सेनापती हाऊ याने राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्यांना माफी जाहीर केली होती. ती पत्करावी की काय, अशी चर्चा एलिझाबेथटाउनमधील आर्नेट यांच्या घरी जमलेल्या पुरुषांत चालली असता शेजारच्या खोलीतून हॅनाबाई थेट बैठकीत आल्या, त्यांनी सर्वांची भित्रे म्हणून हजेरी घेतली, आणि नवरा आवरू लागला तेव्हा, 'शपथ घेतलीत तर आपला संबंध संपला,' असे त्यालाही बजावले. ही हकिगत परंपरेने चालत आलेली आहे, त्यामुळे तपशिलात थोडी भर पडली असणे शक्य आहे. पण अशा बाईच्या वारसांना वगळून वीरांचे स्मरण कसे करायचे, हा लॉकवुड यांचा सवाल बिनतोड होता.

मॅक्डॉवेल हे हॅनाबाईंचे पणतू. त्यांनी आपल्याच संस्थेच्या निर्णयाची पाठराखण केली नाही. २१ जुलैला त्याच वृत्तपत्रात त्यांचे पत्र छापून आले आणि स्त्रियांची स्वतंत्र संस्था उभारण्यास मदत करण्याची तयारी त्यांनी त्यात दाखवली. ११ ऑक्टोबरला 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' स्थापन झाली आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलिन हॅरिसन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. वृत्तपत्राच्या पत्रव्यवहारातून एवढे काम उभे राहिल्याची उदाहरणे विरळाच.

पूर्वजांच्या पुण्याईवर मिरवणारे पुढारी सगळीकडेच असतात. मॅक्डॉवेल मला वेगळे वाटतात ते एवढ्यासाठी की, वारसा कोणाकोणाचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या संस्थेविरुद्ध जाऊन सोडवला. दुर्दैवाने त्यांनी साहाय्य केलेल्या संस्थेला मात्र हे औदार्य नेहमी साधले नाही. १९३९ मध्ये तिने आपले कॉन्स्टिट्यूशन हॉल कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना नाकारले, तेव्हा तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. आणि या संस्थेत कृष्णवर्णीय म्हणून ओळखली जाणारी पहिली सभासद दाखल झाली ती १९७७ मध्ये.

आपला नियमित वाचक,
पुणे