डिझेलमध्ये पाणी निघाले तर भुर्दंड कोणी भरायचा? : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

ऐन गळीत हंगामात माझा ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा आहे. मेस्त्रीने टाकीतले डिझेल बाटलीत काढले, तेव्हा तळाला दोन बोटे पाणी साचले आणि इंजिनात इंधन फवारणाऱ्या, काढलेल्या नोझलच्या टोकांवर तांबूस गंज दिसला. पेट्रोल पंपाने जबाबदारी झटकली, ट्रॅक्टर कंपनीने इंधनाचा दोष सांगून वॉरंटी नाकारली आणि उसाचे बिल हाती पडण्याआधीच ४८ हजारांचा खर्च माझ्या अंगावर आला.

डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग यशस्वी झाला नाही, म्हणून आता १० टक्के आयसोब्युटेनॉलची (इथेनॉलसारखेच दुसरे अल्कोहोल) चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत सुरू आहे, असे आपण सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलेत. अशी अल्कोहोले उसापासून बनवता येतात आणि मी ऊस पिकवतो, त्यामुळे अशा इंधनाला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु इथेनॉलचा अनुभव लक्षात घ्या: साध्या ऊर्ध्वपातनाने (उकळून वाफ थंड करण्याने) ते सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते, उरलेले पाणी काढायला वेगळी यंत्रणा आणि जादा ऊर्जा लागते, आणि ते पाणी तसेच ठेवले तर असे अल्कोहोल डिझेलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. शिवाय बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेलचा सीटेन क्रमांक (इंजिनात इंधन किती सहज पेट घेते याचे माप) किमान ५१ असावा लागतो, तर इथेनॉलचा जेमतेम ८ च्या आसपास असतो. पाणी असलेले अल्कोहोल वापरायचेच असेल, तर ते वेगळ्या टाकीतून इंजिनात जाणाऱ्या हवेबरोबर सोडता येते. त्यातील पाण्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायूही घटतात. हा मार्ग खर्चिक आहे, पण त्यात डिझेलची टाकी नासत नाही.

माझा राग धोरणांच्या धरसोडीवर आहे. ज्या सरकारने कारखान्यांना इथेनॉल प्रकल्प उभारायला लावले, त्याच सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एका आदेशाने मनाई केली आणि जेमतेम आठवडा उलटताच तो आदेश शिथिल केला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचे (वनस्पती तेल वगैरेंपासूनचे डिझेल) उद्दिष्ट होते, त्याचे काय झाले हे कोणी सांगत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले, तेव्हा जुन्या गाड्यांच्या मालकांना पर्यायच ठेवला नाही. निर्णय दिल्लीत होतात आणि वाहन बंद पडले की धक्का मारायला आम्हीच उरतो.

म्हणून मागणी एवढीच आहे की, चाचण्यांचे संपूर्ण अहवाल जुन्या ट्रॅक्टरांवरील निष्कर्षांसह मराठीत प्रसिद्ध करावेत, प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहावे, मिश्रण नसलेले डिझेलही उपलब्ध ठेवावे आणि इंधनामुळे बिघाड झाल्यास भरपाई तेल कंपनीने द्यावी की वाहन कंपनीने, हे विक्री सुरू होण्यापूर्वी अधिसूचनेत नमूद करावे.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर