बारचे शटर पडल्यानंतरचा एक तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धुळे बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून अनेक वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि आता देवपुरात राहतो. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्यावरच्या एका तीन मजली इमारतीत पूर्वीपासून परमिट रूम होती आणि तिचा आम्हाला फारसा त्रास नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याच इमारतीच्या गच्चीवर पत्र्याचे छत, रंगीत दिवे आणि मोठे स्पीकर बसवून ‘लाउंज’ सुरू झाले आणि तेव्हापासून शुक्रवार ते रविवार या तीन रात्री आमच्या गल्लीचे रूपच पालटले. त्या जागेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका मालकाविरुद्ध नाही. शहरात अशा जागा वाढत आहेत आणि तिथे येणारी गर्दी घरी कशी जाणार, याचा विचार परवाना देणाऱ्यांपैकी कोणीच केलेला नाही, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

पोलीस आयुक्तालय नसलेल्या शहरांत परमिट रूम रात्री साडेअकराला बंद करावी लागते. आमच्याकडेही साधारण त्याच सुमारास संगीत थांबते, शटर अर्धे खाली येते आणि दीड-दोनशे माणसे एकाच अरुंद जिन्याने एकदम रस्त्यावर उतरतात. त्यानंतरचा तासभर खरी अडचण असते. दुचाकी आमच्या फाटकांसमोर आडव्या लावलेल्या असतात, कोणाची किल्ली सापडत नाही, कोणी कोपऱ्यावर ओकत असतो, कोणी भांडत असतो आणि शहरातल्या रिक्षा तर दहानंतर बसस्थानक सोडून इकडे फिरकतही नाहीत. बारमालकाच्या दृष्टीने गिऱ्हाईक दाराबाहेर पडले की त्याची जबाबदारी संपलेली असते. पोलिसांच्या दृष्टीने भांडण वाढल्याशिवाय ती सुरू होत नाही. मधल्या वेळेत ती मुले कोणाचीच नसतात.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. शनिवार होता आणि भुरभुर पाऊस पडत होता. आमच्या कॉलनीच्या गतिरोधकावर एक मोटारसायकल घसरली. धावत जाऊन पाहिले तर वीस-एकवीस वर्षांचा मुलगा गुडघा धरून बसला होता, हेल्मेट नव्हते आणि एक चप्पल गटारीत गेली होती. त्याच्या पायांत नीट उभे राहण्याचे बळ नव्हते, पण मोटारसायकलची किल्ली त्याने मुठीत घट्ट धरली होती. गाडी कोणी काढून दिली असे विचारल्यावर त्याने बारच्या पार्किंगवरच्या माणसाकडे बोट दाखवले. त्या माणसाने ती रांगेतून बाहेर काढून, सुरू करून, तोंड रस्त्याकडे करून त्याच्या हाती दिली होती. मुलगा सोनगीरच्या बाजूच्या एका खेड्यातला होता, म्हणजे त्याला आग्रा महामार्गाने, ट्रकच्या रांगेतून, वीसेक किलोमीटर जायचे होते. ओट्यावर बसवून पाणी दिले तेव्हा तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “आबा, आते मी घर कसा जासू?” त्याच्या मोबाइलवरून वडिलांना फोन लावला. भाजीचे रिकामे क्रेट भरलेल्या, शेजाऱ्याच्या छोट्या टेम्पोतून ते दीड वाजता आले. मुलाला एक शब्दही न बोलता त्यांनी आधी बॅटरी लावून गटारीतली चप्पल काढली, नळाखाली धुतली आणि त्याच्या पायात घातली.

ती रात्र माझ्या मनातून जात नाही, कारण आमच्या डेपोत जे आम्ही कधीही होऊ दिले नसते ते इथे माझ्या दारात, सर्वांच्या देखत, रोजचे काम म्हणून होत होते. ड्युटीवर आलेल्या चालकाच्या तोंडाला नुसता वास आला तरी त्याला गाडी मिळत नसे. मग फेरी रद्द होवो, प्रवासी ओरडोत की वरून फोन येवो, हा नियम मोडत नसे, कारण गाडी हातात देणाऱ्याचीही जबाबदारी असते हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमाचा बडगा थेट चालवणाऱ्यावर आहे. ज्याने चौथा पेग दिला, बिल घेतले आणि मग गाडी काढून दिली, त्याला या कलमात जागा नाही.

वयाचा नियमही असाच कागदावर राहिला आहे. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ आहे. शिवाय महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो आणि विदेशी मद्यासाठी एक दिवसाच्या परवान्याची किंमत फक्त पाच रुपये आहे. आजच्या तरुणांना असा परवाना असतो हेच ठाऊक नसते. ही पद्धत मनापासून पाळली गेली तर प्रत्येक गिऱ्हाइकाचे वय काउंटरवर तपासले जाईल, कारण वय पाहिल्याशिवाय परवाना देताच येत नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी पहाटे भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले. मोटार चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो पबमध्ये बसून आला होता. त्यानंतर पुण्यात तपासण्या झाल्या, जागांना टाळे लागले. धुळ्यात ओळखपत्र विचारायला आपण अशाच एखाद्या पहाटेची वाट पाहायची का, असा माझा राज्य उत्पादन शुल्क विभागाला प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे बार, ही लाउंज बंद करा, असे मी म्हणत नाही. आमच्यापासून साक्रीमार्गे नवापूर गाठले की गुजरात लागतो. नवापूरच्या रेल्वे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. पलीकडे राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे आणि तरीही सुट्टीच्या रात्री गुजरात पासिंगच्या मोटारी आमच्या कोपऱ्यावर मी स्वतः मोजलेल्या आहेत. बंदीने पिणारा माणूस थांबत नाही, तो अधिक लांबून गाडी चालवत येतो आणि त्याच अवस्थेत परत जातो.

बार महाग झाला की काय होते, हेही आपण पाहत आहोत. परमिट रूममधल्या मद्यावरचा मूल्यवर्धित कर सरकारने ५ वरून १० टक्के केला आणि जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्कही वाढवले. त्याविरुद्ध १४ जुलै २०२५ रोजी राज्यभर परमिट रूमचालकांनी बंद पाळला. करवाढ योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा मला अधिकार नाही, परंतु तिचा परिणाम मात्र मला पांझरेच्या काठावर सकाळच्या फेरीत दिसतो. वाइन शॉपमधून बाटली, शेजारच्या गाडीवरून चकणा आणि अंडाभुर्जी, पाण्याची पाउच आणि प्लास्टिकचे ग्लास घेऊन माणसे मोकळ्या प्लॉटवर, नदीकाठी किंवा नकाणे तलावाच्या रस्त्याला बसतात आणि फुटलेल्या बाटल्या तिथेच टाकून जातात. तिथे ना दिवा, ना वेटर, ना पोलीस. छताखाली, नोंद असलेल्या जागी, उजेडात बसलेला माणूस मला त्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

लाउंजमध्ये मुलीही येतात, वाढदिवस साजरे करतात. त्यांनी येऊ नये असे म्हणणारे आमच्या कॉलनीत पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. मात्र शटर पडल्यावर रिक्षा मिळत नाही म्हणून दोन मुली आमच्या फाटकाच्या दिव्याखाली पाऊण तास उभ्या होत्या आणि समोरून मोटारसायकलींच्या घिरट्या चालल्या होत्या, हे मी पाहिले आहे. माझ्या पत्नीने त्यांना आत बोलावले, चहा दिला आणि त्यांच्या भावाला यायला लावले. येण्याची मोकळीक द्यायची आणि जाण्याची सोय ठेवायची नाही, हे शहराला शोभत नाही.

आवाजाविषयी थोडक्यात लिहितो, कारण नियम सर्वांना माहीत आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंदिस्त सभागृहातच चालतो. तीन बाजूंनी उघडी, वर पत्रा टाकलेली गच्ची बंदिस्त सभागृह होऊ शकत नाही, एवढे सांगायला कायदेतज्ज्ञ लागत नाही.

मला त्याहून अधिक भीती त्या जिन्याची वाटते. तो जेमतेम तीन फुटांचा आहे, त्याच्या एका कडेला बिअरचे रिकामे क्रेट रचलेले असतात आणि गच्चीवरून उतरायला दुसरी वाट नाही. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसे गेली. बाहेर पडता न आल्याने अनेकजण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबमध्ये ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत २५ जण मेले आणि त्यांतले बहुतेक पर्यटक नव्हते, तिथले कामगार होते. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच लाउंजच्या स्वयंपाकघरातली मुले आली. त्यांतला एक शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरचा आहे. सर्व आवरून, ग्लास धुऊन, रात्री साडेबाराला तो चालत खोलीवर जातो आणि कधी आमच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबतो. गच्चीवर आग लागली तर तुम्ही कुठून उतरणार, असे मी त्याला एकदा विचारले. त्याने थोडा विचार केला आणि बाजूच्या निंबाच्या झाडाकडे हात केला.

आमच्या महिला मंडळाने मध्यंतरी ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या, म्हणजे दारूची जागा चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवणाऱ्या मतदानाची चौकशी केली. प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या असतील तर मतदान घेता येते, पण बाटली आडवी व्हायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, केवळ झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. म्हणजे ज्या बाई त्या दिवशी माहेरी गेल्या, ज्या भाडेकरू दुसरीकडे राहायला गेल्या, ज्यांचे नाव मयत होऊनही यादीत राहिले, त्या सर्वांचे मत उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारखे होते. खेड्यात बायका एकमेकींना ओळखतात, एकत्र निघतात, तिथे हा मार्ग चालतो. शहरात तो जवळपास चालत नाही आणि मुळात आम्हाला जागा बंद करायची नसून शिस्तीत आणायची असल्याने त्याचा उपयोगही नाही. मतदानात ‘चालू द्या, पण जिना रुंद करा’ असा पर्याय नसतो.

म्हणून माझी मागणी परवान्याच्या नूतनीकरणाशी निगडित आहे. परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण होते, म्हणजे वर्षातून एकदा मालक सरकारच्या दारात उभा असतो. त्या वेळी उत्पादन शुल्क विभाग, महापालिका, अग्निशमन आणि पोलीस यांनी वेगवेगळ्या टेबलांवर सही न करता, एकाच शनिवारी रात्री अकरा वाजता, एकत्र जागेवर येऊन पाहावे. गच्चीवर किती माणसे मावतात याचा आकडा दारावर लिहिलेला असावा. दुसरा जिना नसेल तर गच्चीला परवानगी नसावी. पार्किंगवरच्या माणसाला, उभे राहता न येणाऱ्याला किल्ली न देण्याचे स्पष्ट अधिकार मालकाने लेखी द्यावेत आणि ती गाडी रात्रभर तिथे ठेवण्याची सोय करावी. रिक्षा संघटनेशी बोलून साडेअकराच्या सुमारास पाच-सहा रिक्षा बाहेर उभ्या राहतील, दर फलकावर लिहिलेले असतील, एवढे घडवून आणणे अवघड नाही. आम्ही जत्रेच्या रात्री याहून मोठी गर्दी चार माणसांनी हलवलेली आहे. गर्दी कुठून येणार, कधी सुटणार आणि कोणत्या दिशेला जाणार हे आधी ठाऊक असेल तर ती सांभाळता येते, आणि इथे तर तिन्ही गोष्टी मिनिटासह ठाऊक आहेत.

येत्या ३१ डिसेंबरला दरवर्षीप्रमाणे परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत मुभा मिळेल. त्याआधी निदान त्या जिन्यावरचे क्रेट तरी हलवले जावेत, अशी विनंती मी महापालिकेला अर्जाद्वारे केली आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. आमच्या कॉलनीतील आम्ही सहा निवृत्त मंडळी त्या रात्री गतिरोधकाजवळ खुर्च्या टाकून, पाण्याचा जार आणि ओळखीच्या चार रिक्षावाल्यांचे नंबर घेऊन बसणार आहोत. ज्या पालकांची मुले त्या रात्री देवपुरात असतील त्यांनी आपला फोन चालू ठेवावा.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
देवपूर, धुळे